पितळ आमचं, नाणी जर्मनांची

भंडाऱ्यात पितळ आहे आणि ते ठोकून आकाराला आणणारे कासारही आहेत. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीज आहे, वरठीला पोलाद आहे. नाणं पाडायला आणखी काय हवं? पण इथल्या एखाद्या कारखानदाराने आपल्या नावाचं नाणं पाडून मजुराच्या हातावर ठेवलं असतं, तर त्याला थेट तुरुंगाची वाट धरावी लागली असती. जर्मनीत मात्र शंभर वर्षांपूर्वी कारखान्यांनी, ट्राम कंपन्यांनी, गावोगावच्या नगरपालिकांनी बिनधास्त आपापली नाणी पाडली. कुठे लोखंडाची, कुठे जस्ताची, कुठे चक्क चिनी मातीची. ही त्या नाण्यांची गंमत, आणि तिच्या आडून आपल्याकडच्या चिल्लरीची.

सुटे गेले कुठे?

१९१४ च्या ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि जर्मन सरकारने नोटेच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं. लोक काय समजायचं ते समजले. चांदीची नाणी उशीखाली गेली. मग तोफगोळ्यांसाठी तांबं आणि निकेल हवं झालं, तेव्हा सरकारच बाजारातली नाणी गोळा करायला लागलं. फेनिग म्हणजे त्यांचा पैसा, मार्क म्हणजे रुपया. पाच फेनिगचं नाणं १९१५ पासून लोखंडाचं झालं. दहा फेनिगचं आधी लोखंडाचं आणि नंतर जस्ताचं झालं. एक फेनिग १९१६ मध्ये ॲल्युमिनियमचं आलं, म्हणजे आपल्या जर्मलच्या पातेल्याच्या धातूचं. तरीही सुटे पुरेनात.

आठवड्याचा पगार मात्र थांबत नाही. हजारो कामगारांना अमुक मार्क आणि तमुक फेनिग अशा हिशेबाने पैसा द्यायचा आणि गल्ल्यात फेनिगच नाहीत, अशी अवस्था. शेवटी कारखान्यांनी स्वतःचेच बिल्ले पाडले. कारखान्याच्या खानावळीत ते चालत, कंपनीच्या दुकानात चालत, आणि कारखाना नावाजलेला असेल तर गावातला पाववालाही घेई. त्याला माहीत असे की महिनाअखेर फाटकावर जाऊन खरे पैसे मागता येतात.

नाव घातलेलं नाणं

यातलं एखादं नाणं हातात घेतलं तर काय दिसतं? बहुधा आठ कोनांचं, कधी गोल, कधी मधे भोक पाडलेलं. एका बाजूला कंपनीचं आणि गावाचं नाव, दुसऱ्या बाजूला आकडा. कडेने बऱ्याचदा लिहिलेलं असे की हा 'सुट्या पैशांच्या बदलीचा बिल्ला' आहे. ही भाषा मुद्दाम जपून वापरलेली, कारण नाणं पाडायचा हक्क सरकारचा. म्हणून नाणं म्हणायचं नाही, बदली म्हणायची, आणि काम मात्र नाण्याचंच करून घ्यायचं.

आपल्याकडे लग्नातल्या भांड्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालतात, कुणाकडून, कुणाला, कोणत्या साली. हे नाणं तसंच होतं. कुणाचं ते कळलं की कुणाच्या दारात जाऊन वाजवायचं तेही कळलं.

फरक किमतीत आहे. कासाराच्या दुकानात तळ गेलेला गुंड मोडीत घालायला नेला की तो आधी काट्यावर चढतो. वजनाला मोडीचा भाव लागतो, नव्या भांड्याला धातूचा भाव आणि वर घडणावळ लागते, आणि मधला फरक आपण खिशातून भरतो. म्हणजे पितळेच्या भांड्यात जवळपास सगळी किंमत धातूची, घडणावळ थोडी. जर्मन कारखान्याच्या नाण्यात धातू कवडीमोलाचा आणि सगळी किंमत छापाची. कासाराने असं नाणं मोडीतसुद्धा घेतलं नसतं.

बटणं करणारे टांकसाळ चालवतात

ही नाणी पाडली कुणी? सरकारी टांकसाळी युद्धाच्या कामात अडकलेल्या. मग काम गेलं पदकं, बिल्ले आणि बटणं ठोकणाऱ्यांकडे. न्युर्नबर्गची लाउअर, स्टुटगार्टची मायर आणि विल्हेल्म ही नावं संग्राहकांच्या तोंडी असतात. ल्युडेनशाइड हे तर बटणांचं गाव. कोटाची बटणं आणि शिपायांचे बिल्ले करणारे ठसे थोडे बदलले की पाच फेनिग तयार. साचा, दाब आणि पत्रा ज्याच्याकडे आहे तो उद्या नाणं पाडू शकतो, ही गोष्ट कुठल्याही राज्यकर्त्याची झोप उडवायला पुरेशी आहे. कासारांचं गाव असलेल्या भंडाऱ्याबद्दल इंग्रजांनाही ती कळत असणार.

भांडी काढा, सरकारला हवीत

तोफेच्या गोळ्याचं टरफल पितळेचं असतं. त्यामुळे १९१५ मध्ये जर्मन सरकारने घराघरांतली तांब्याची, पितळेची, निकेलची भांडी जमा करायचा हुकूम काढला. १९१७ मध्ये चर्चच्या घंटाही उतरवल्या. असा हुकूम भंडाऱ्यात निघाला असता तर काय झालं असतं, याची कल्पना करून बघा. आजीचा गंज, आईच्या रुखवताची कोपर, देवघरातली समई, सगळी रांगेने कचेरीत! आपल्या बायकांनी तहसीलदाराला पळवून लावलं असतं, याबद्दल मला तरी शंका नाही.

मग आपल्याकडे का नाही?

कारण १८८९ चा एक कायदा. मेटल टोकन्स ॲक्ट हे त्याचं नाव. पैसा म्हणून वापरायचे धातूचे तुकडे खाजगी माणसाने पाडायचे नाहीत, वाटायचे नाहीत आणि वाटण्यासाठी जवळही बाळगायचे नाहीत. नंतर १९३६ च्या वेतन कायद्याने दुसरी बाजू बंद केली. मजुरी द्यायची तर चलनी नाण्यांत किंवा नोटांतच द्यायची, असं तेव्हा ठरलं. बिल्ले, चिठ्ठ्या, कंपनीच्या दुकानाचं उधारखातं असलं काही चालणार नाही. मालकाने पगार आपल्याच दुकानाच्या कागदात द्यायचा आणि त्याच दुकानात दामदुप्पट भावाने तो परत घ्यायचा, ही युक्ती इंग्लंडातल्या मालकांनी इतकी वापरली होती की तिथे १८३१ मध्येच तिच्यावर कायदा करावा लागला होता.

१८८९ चा कायदा २०११ साली रद्द झाला, पण सुटकेचा निःश्वास टाकू नका. त्याची कलमं नव्या नाणे कायद्यात जशीच्या तशी आली. पहिल्यांदा पकडले गेलात तर एक वर्षापर्यंत कैद, दुसऱ्यांदा तीन. आणि हो, सरकारी नाणं वितळवणं हाही त्याच कायद्याने गुन्हा आहे.

या देशात खाजगी बिल्ले कधी चाललेच नाहीत असंही नाही. आसाम आणि कछारच्या चहामळ्यांत एकोणिसाव्या शतकात मजुरांना पितळेचे बिल्ले मिळत. काही गोल, काही त्रिकोणी, काहींना भोक. मजुराला वाचता येवो न येवो, आकारावरून कळलं पाहिजे की हा पूर्ण हजेरीचा आहे की अर्ध्या. यातले काही बिल्ले बर्मिंगहॅमहून पाडून आलेले होते.

पितळेचा टंका, पत्ता दौलताबाद

पितळेच्या नाण्याचा सगळ्यात मोठा प्रयोग मात्र जर्मनीत झाला नाही. तो झाला आपल्याकडे, देवगिरी म्हणजेच दौलताबादेतही, जर्मनांच्या जवळपास सहाशे वर्षं आधी.

महंमद तुघलकाने १३२९-३० च्या सुमारास फर्मान काढलं की पितळेचा आणि तांब्याचा टंका चांदीच्या टंक्याइतकाच धरायचा. या नाण्यांवर टांकसाळीची नावं आहेत, त्यात एक आहे 'तख्तगाह-इ-दौलताबाद'. कल्पना वाईट नव्हती. तसं पाहिलं तर आज आपल्या खिशातलं प्रत्येक नाणं त्याच कल्पनेवर चालतं. गडबड एवढीच झाली की पितळ ठोकणारे गल्लोगल्ली होते आणि सरकारी छाप नक्कल करायला सोपा होता. बरनी नावाचा त्या काळचा इतिहासकार लिहितो की घराघरांत टांकसाळ झाली. लोकांनी सारा पितळेत भरला आणि चांदी घरात ठेवली. अवघ्या दोन-तीन वर्षांत सुलतानाने माघार घेतली आणि पितळेच्या बदल्यात खजिन्यातून चांदी मोजून दिली, खऱ्या नाण्याला आणि खोट्यालाही. इतिहासात वेडा म्हणून गाजलेल्या या माणसाने निदान शब्द पाळला. जर्मन सरकारने १९२३ च्या महागाईत तेवढंही केलं नाही.

विदर्भाला हलक्या धातूच्या नाण्याचं वावडं तर त्याहूनही जुन्या काळी नव्हतं. आजच्या वाशिम जिल्ह्यात मंगरूळपीरजवळच्या तऱ्हाळा गावी १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. सोनं नाही, चांदी नाही. सगळी नाणी पोटिनची, म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाची.

मातीची, रेशमाची, कातड्याची

आता भराभर. पुढचं सगळं खरं आहे.

सॅक्सनी राज्याने १९२१ मध्ये मायसेनच्या जगप्रसिद्ध कारखान्यातून चिनी मातीची नाणी करवून घेतली, वीस फेनिगपासून वीस मार्कांपर्यंत. गडद तपकिरी, गुळगुळीत, देखणी. पॉल ब्योर्नर या कलावंताने ती घडवली. हातातून पडलं तर गेलं. बोहारणीच्या टोपलीतल्या बश्यांवर आपण चार आण्यांसाठी हुज्जत घालायचो, तिकडे बशीच्या जातीचंच नाणं होतं.

बीलेफेल्ड हे विणकरांचं गाव. तिथल्या बचत बँकेचे प्रमुख पॉल हांके यांनी रेशमावर, लिननवर आणि मखमलीवर नोटा छापल्या. काहींना झालरही होती. आपल्या मोहाडी-आंधळगावच्या कोसा विणकरांनी तो धंदा केला असता, तर नोट मोडायची की पदराला लावायची असा प्रश्न पडला असता. हार्त्स डोंगराजवळच्या ओस्टरवीक गावी कातडी कमावण्याचा धंदा, म्हणून तिथली नोट कातड्याची. बॉन शहराने १९२० मध्ये बेथोवेनच्या दीडशेव्या जयंतीला लोखंडी नाण्यांवर त्याचाच चेहरा घातला. बेथोवेन मुळात कपाळाला आठ्या असलेला, लोखंडात तो आणखीच रागावलेला दिसतो.

पोस्टाचं तिकीट हेही नाणं झालं. तिकीट चपट्या गोल डबीत बंद करायचं, पुढून पारदर्शक झाकण, मागच्या धातूवर दुकानाची जाहिरात. तिकिटाची किंमत सरकारची, डबीचा खर्च जाहिरातदाराचा.

आणि मग गावांना कळलं की लोक हे साठवायलाही घेतात. हामेल्न गावाने नोटांवर उंदीर पकडणाऱ्या बासरीवाल्याची गोष्ट छापली. १९२१ पर्यंत काही गावं नुसत्या संग्राहकांसाठी रंगीत नोटांचे संच छापून विकत होती आणि मुदत अशी घालत होती की संच घरी पोचेपर्यंत तो वटवायची वेळ निघून गेलेली असे. त्या काळात नगरपालिकेला याहून सोपा पैसा मिळाला नसेल.

भोकाचा पैसा

आपल्याकडे कारखान्यांना बंदी, पण टंचाई काही कायद्याला विचारून येत नाही.

पहिल्या युद्धात चांदी इतकी आटली की नोव्हेंबर १९१७ मध्ये सरकारने एक रुपयाची नोट काढली. पाठोपाठ अडीच रुपयांचीही आली, म्हणजे दोन रुपये आठ आण्यांची. लोकांना कागद नको होता, चांदी हवी होती. शेवटी अमेरिकेने १९१८ च्या पिटमन कायद्याने स्वतःचे चांदीचे डॉलर वितळवले आणि सुमारे २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी इंग्रजांना विकली.

दुसऱ्या युद्धात तर सगळंच बदललं. १९४० मध्ये रुपयातली चांदी जवळपास ९२ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली. आणा आणि दोन आणे पिवळ्या पितळी धातूचे झाले. आणि १९४३ मध्ये आला भोकाचा पैसा. आधीचा पैसा पाच ग्रॅमच्या आसपास, हा दोन. भोक पाडल्यामुळे धातू वाचला, पैसा मात्र पैसाच राहिला. मुंबई आणि कलकत्ता कमी पडल्या म्हणून लाहोरला नवी टांकसाळ काढली, काही पैसे तर दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियाहून पाडून आणले. लोकांनी त्याचे दुसरेही उपयोग शोधले. पोराच्या करदोड्यात ओवला, कुठे नटाखाली वॉशर म्हणून घातला. सरकारने धातू वाचवला तो असा पुन्हा कामाला लागला.

त्याच काळात काठेवाडातल्या मोरवी, राजकोट अशा संस्थानांनी पुठ्ठ्याची छोटी कुपनं छापून पैशांचं काम भागवलं. राजाला जे चालतं ते कारखानदाराला चालत नाही, हेही त्यात आलंच.

   

धानाचा रोज आणि रायची नोट

१९२३ मध्ये जर्मनीत महागाईने कहर केला. क्रुप, बायर, बीएएसएफ अशा बड्या कारखान्यांनी स्वतःच्या नोटा छापून पगार दिला. पगार रोजचा रोज झाला, आणि तो हातात पडताच बायका फाटकातून दुकानाकडे धावत, कारण संध्याकाळपर्यंत पावाचा भाव बदललेला असे. आकड्यावरचा विश्वासच उडाल्यावर लोकांनी फार जुना मार्ग धरला. ओल्डेनबर्ग राज्याने १९२२ च्या अखेरीस जे रोखे काढले त्यांची किंमत मार्कात नव्हती, १२५ किलो रायमध्ये होती. राय म्हणजे त्यांच्या काळ्या पावाचं धान्य. पाठोपाठ कुणी लाकडाच्या मापात, कुणी विजेच्या युनिटमध्ये रोखे काढले.

हे वाचून बर्लिनच्या अर्थतज्ज्ञांना नवल वाटलं असेल. भंडाऱ्याच्या बांधीत धान कापणाऱ्या बाईला वाटलं नसतं. धानकापणीचा रोज धानातच घ्यायचा, कुडो-पायलीने मोजून, ही रीत इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. रुपया चढो की पडो, पायलीत मावणारा धान तेवढाच आणि रात्री शिजणारा भातही तेवढाच. सातशे कोटी मार्कांनी भरलेली पिशवी आणि दोन पायल्या धान यांतलं काय घ्यायचं, हे तिला विचारावंही लागलं नसतं.

मँगनीजचा पिवळा डॉलर

तुमसरच्या खाणींतलं मँगनीज सेंट्रल प्रॉव्हिन्सेसच्या काळापासून बाहेर जातं. १८९६ मध्ये उत्खननाचं काम करणारं सिंडिकेट स्थापन झालं, तेच पुढे कंपनी होत-होत १९६२ मध्ये मॉईल झालं. पोलादाला मँगनीज लागतंच, आणि डोंगरी बुजुर्गचं खनिज टॉर्चच्या सेललाही चालतं. पण नाण्यात?

तिथेही आहे. युद्धात निकेल वाचवायला अमेरिकेने १९४२ पासून पाच सेंटच्या नाण्यातून निकेल काढून टाकलं आणि ५६ टक्के तांबं, ३५ टक्के चांदी आणि ९ टक्के मँगनीज घातलं. पुढे २००० मध्ये त्यांनी पिवळं डॉलर नाणं काढलं. त्याचं बाहेरचं कवच मँगनीज-पितळेचं: तांबं, जस्त, थोडं निकेल आणि ७ टक्के मँगनीज. भंडाऱ्याचं पितळ आणि तुमसरचं मँगनीज या दोन्हींची जात एका नाण्यात, आणि ते चालतं न्यूयॉर्कात!

लाख कोटीचं एक

आतापर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा असलेलं नाणं बघायचं असेल तर वेस्टफालियाचं बघा. साल १९२३, व्यास सहा सेंटिमीटर, एका बाजूला फ्रायहेर फॉम श्टाइन हे जुने सुधारक, दुसऱ्या बाजूला उधळलेला घोडा. किंमत एक लाख कोटी मार्क, म्हणजे एकावर बारा शून्यं. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत, त्या हिशेबाने या अजस्र नाण्याचे आले सुमारे २४ सेंट. त्याच महिन्यात रेंटेनमार्क आला, एका रेंटेनमार्कला लाख कोटी जुने मार्क, आणि बाराच्या बारा शून्यं एका फटक्यात पुसली गेली. नाणं लोकांपर्यंत पोचलं ते आठवण म्हणून विकत घ्यायला.

आणि आजची चिल्लर

टंचाईचा उलटा प्रकार मुंबईकरांनी बघितला. बेस्टच्या बसमध्ये इतकी चिल्लर जमली की कर्मचाऱ्यांच्या पगाराचा काही भाग नाण्यांत द्यावा लागला. जर्मन कारखान्यांकडे सुटे नव्हते म्हणून त्यांनी नाणी पाडली, इकडे सुटे फार झाले म्हणून पगारात घातले.

दहाच्या नाण्याची तर वेगळीच तऱ्हा. रुपयाच्या खुणेवर दहा रेघा असलेलं खरं आणि पंधरा रेघांचं खोटं, अशी कुणीतरी पुडी सोडली आणि दुकानदार नाणं उलटंपालटं करून रेघा मोजायला लागले. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दहाच्या नाण्याचे १४ नमुने निघालेत आणि सगळे चालतात. सरकारच्या छापाला नाही म्हणणारे लोक चॉकलेट मात्र बिनतक्रार सुटे म्हणून घेतात. एसटीचा कंडक्टर तिकिटामागे बाकी लिहून देतो, तेही घेतात.

तेव्हा कुणी दहाच्या नाण्याला नको म्हटलं, तर २०११ चा नाणे कायदा तुमच्या बाजूने आहे. फक्त पोतं घेऊन जाऊ नका. रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंतच कायद्याने घ्यावी लागतात, आणि पन्नास पैशांची मर्यादा आहे दहा रुपये.